वखारीचा पत्ता : डीएनएसमास्क पाच पावसाळे वापरल्यावर

जुलै लागला की सांगलीत माणसं भेटल्याबरोबर एकच विचारतात, "आयर्विनला किती फूट?" ४० फुटांना इशारा, ४५ फुटांना धोका, हे इथल्या शाळकरी पोरांनाही पाठ आहे. ऑगस्ट २०१९ मध्ये आयर्विन पुलापाशी कृष्णेने ५७ फूट ओलांडले आणि गणपती पेठेतली आमची भुसार मालाची पेढी पाण्याखाली गेली. मी त्या पेढीवर हिशेब बघते. तेव्हाही बघत होते.

संगणक आम्ही पोटमाळ्यावर चढवले होते. २००५ च्या पाण्याच्या खुणेपेक्षा हातभर वर ठेवले, म्हणजे भागेल असं पेढी चालवणाऱ्या अण्णांना वाटलं, मलाही वाटलं. पाणी तिथंही पोचलं. बॅकअपची छोटी डिस्क तर ज्या टेबलावर संगणक होता, त्याच टेबलाच्या ड्रॉवरमध्ये राहिली होती. चालू वर्षाचा रोजमेळ, गिऱ्हाइकांची येणी, गाड्यांच्या पावत्या, सगळं गेलं. मार्चअखेरपर्यंतचा डेटा आमच्या सीएंकडे होता म्हणून मागची बाजू तरी वाचली. एप्रिल ते जुलैचा हिशेब आम्ही बँकेचे उतारे, जीएसटीची विवरणपत्रं आणि गिऱ्हाइकांच्या वह्या समोर ठेवून पुन्हा लिहिला. त्याला साडेचार महिने लागले. काही येणी कायमची गेली, कारण ती आमच्या वहीखेरीज कुठंच लिहिलेली नव्हती.

पुराशी सुतराम संबंध नसावा असं वाटणाऱ्या एका छोट्या प्रोग्रामविषयी मला लिहायचं आहे. त्याचं नाव डीएनएसमास्क. तो पेढीतल्या प्रत्येक संगणकाला इतर संगणकांचे पत्ते सांगतो. बॅकअप घेणारं सॉफ्टवेअर वेगळं, हा त्याच्या शेजारी बसून "अमुक मशीन कुठं आहे" एवढंच सांगत राहतो. पण ते सांगणं चुकलं की बॅकअप होत नाही, आणि ते नीट असलं की मशीन उचलून गावाच्या दुसऱ्या टोकाला नेलं तरी बॅकअप चालू राहतो. पाच पावसाळे वापरून माझं मत पक्कं झालं आहे. लहान पेढी, दवाखाना, सीएचं ऑफिस, जिथं पाच ते पंचवीस संगणक आहेत आणि बॅकअपचं एक मशीन आहे, तिथं हा घ्यावा. फुकट आहे, मुक्त स्रोत आहे. फक्त तो लावताना चार ठिकाणी पाय अडकतो, आणि त्या चारही ठिकाणी माझा अडकला आहे.

आधी आमची मांडणी सांगते. २०२० च्या टाळेबंदीत पेढी अर्धा दिवस उघडी असायची, तेव्हा वेळ मिळाला. एका जुन्या डेस्कटॉपमध्ये दोन नव्या डिस्का घातल्या, डेबियन ही लिनक्स प्रणाली टाकली आणि त्यावर बॅरिऑस बसवलं. माझा भाचा पुण्यात नेटवर्किंगचं काम करतो, त्याने फोनवरून मार्ग दाखवला. बॅरिऑस हे बॅकअप घेणारं, जर्मनीतल्या कोलोनमधलं सॉफ्टवेअर, बॅक्युला या जुन्या प्रकल्पातून २०१० मध्ये वेगळं झालेलं. रात्री साडेनऊला पेढी बंद झाली की ते एकेका संगणकाकडून फाइली मागून घेतं. त्या मशीनला मी 'वखार' नाव दिलं. हिशेबाचा संगणक 'रोजमेळ', पुढच्या काउंटरवरचा 'गल्ला', गोदामात वजनाच्या काट्याला जोडलेला तो 'काटा', आणि अण्णांचा लॅपटॉप. नावं अर्थातच इंग्रजी अक्षरांत टाइप करावी लागतात, पण शब्द आपलेच. पेढीतलं कुणीही "वखारीवर गेलं का?" असं विचारतं तेव्हा काय म्हणायचं आहे ते सगळ्यांना कळतं. हे मला फार मोलाचं वाटतं.

आता नावाचं एवढं का, ते सांगते. बॅरिऑसमध्ये तीन भाग असतात. एक हुकूम देणारा, त्याला डायरेक्टर म्हणतात. एक माल ठेवून घेणारा, तो स्टोरेज. आणि प्रत्येक संगणकावर बसलेला एक माल पाठवणारा. रात्री डायरेक्टर रोजमेळला ९१०२ क्रमांकाच्या पोर्टवर, म्हणजे त्याच्या दारावर, हाक मारतो आणि म्हणतो, "तुझ्या फाइली वखारीवर नेऊन टाक, पत्ता अमुक." रोजमेळ मग स्वतः उठून त्या पत्त्यावर ९१०३ ला जातो. म्हणजे पत्ता सांगतो डायरेक्टर, पण तो पत्ता शोधत जायचं असतं रोजमेळला. डायरेक्टर आणि स्टोरेज एकाच मशीनवर असले, तर डायरेक्टरला वखार कायम सापडते, कारण तो तिच्याच पोटात बसलेला आहे. रोजमेळला ती सापडते की नाही, हा वेगळा प्रश्न. म्हणूनच बॅरिऑसच्या सोबत येणाऱ्या फाइलमध्ये त्या ओळीपुढे स्पष्ट लिहिलेलं असतं की इथं मशीनचं पूर्ण नाव लिहा, लोकलहोस्ट, म्हणजे 'हेच मशीन', असं लिहू नका.

नावाऐवजी सरळ आयपी पत्ता, म्हणजे मशीनचा आकड्यांतला पत्ता, लिहून टाकावा, असं कुणीही म्हणेल. मीही आधी तेच करणार होते. पण आमच्या मशीनला पाणी वाढलं की उचलून न्यायचं आहे. जिथं नेऊ तिथलं नेटवर्क वेगळं, आकडे वेगळे. आकडे पाच ठिकाणी लिहून ठेवले, तर पाऊस कोसळत असताना, लाइट जात-येत असताना, पाच ठिकाणी बदलायचे. नाव लिहिलं तर बदल एकाच जागी. माझ्या डोक्यात पहिल्या दिवसापासून एवढंच होतं.

सुरुवातीला मी प्रत्येक विंडोज संगणकाच्या होस्ट्स फाइलमध्ये, म्हणजे नावं-पत्त्यांच्या त्याच्या स्वतःच्या यादीत, वखारीची ओळ हाताने लिहिली. ती फाइल सिस्टिम३२ च्या आत ड्रायव्हर्स, त्याच्या आत ईटीसी अशी खोलवर असते आणि नोटपॅड ॲडमिनिस्ट्रेटर म्हणून उघडल्याशिवाय ती जतन होत नाही. हे चाललं, पण एक जागा राहिलीच नाही, पाच झाल्या. म्हणून फेब्रुवारी २०२१ मध्ये वखारीवरच डीएनएसमास्क बसवलं. बसवायला दोन मिनिटं लागली. राउटरला सांगितलं की सगळ्यांना डीएनएस, म्हणजे नावावरून पत्ता सांगणारा, म्हणून वखारीचा पत्ता दे. मग एकेका संगणकावरून होस्ट्स फाइलमधली ती जुनी ओळ पुसली आणि घरी गेले.

दुसऱ्या दिवशी सकाळी रोजमेळचा बॅकअप नाही. गल्ल्याचा नाही. लॅपटॉपचा नाही. एकट्या काट्याचा झालेला. बॅरिऑसच्या खिडकीत ओळ होती, क्लायंट (माल पाठवणारा संगणक) स्टोरेजला जोडला जाण्याची वाट पाहत आहे, अशा अर्थाची. अर्धा तास वाट बघून काम रद्द. डायरेक्टरकडून रोजमेळची विचारपूस केली तर रोजमेळ ठणठणीत उत्तर देतो. स्टोरेजची केली तर तोही देतो. दोघंही जागे, दोघंही बोलतात, पण एकमेकांना भेटत नाहीत. मी फायरवॉल बंद करून पाहिली, केबल बदलली, स्विचचं तोंड बदललं. तीन रात्री अशाच गेल्या, आणि त्या तिन्ही रात्री पेढीचा बॅकअप नव्हता. २०१९ नंतर बॅकअप नसलेली एक रात्रसुद्धा मला झोपू देत नाही.

चौथ्या दिवशी भाच्याला फोन लावला. त्याने पहिलं वाक्य विचारलं ते असं, "मावशी, वखारीचा पत्ता रोजमेळला कोण सांगतंय आणि काय सांगतंय, तेवढं बघ आधी." रोजमेळवर कमांड टाइप करायची काळी खिडकी उघडून एनएसलुकअप, म्हणजे नावाचा पत्ता विचारणारी आज्ञा, आणि पुढं वखार टाइप केलं. उत्तर आलं १२७.०.१.१.

"१२७ नं सुरू होणारा पत्ता म्हणजे 'मी स्वतः'," तो म्हणाला. "रोजमेळ माल घेऊन स्वतःच्याच दारात उभा आहे."

झालं होतं ते असं. डेबियन बसवताना ते स्वतःच्या होस्ट्स फाइलमध्ये एक ओळ लिहून ठेवतं, १२७.०.१.१ आणि पुढं मशीनचं नाव. त्या मशीनपुरतं ते बरोबरच आहे. पण डीएनएसमास्क सुरू होताना ती फाइल वाचतं आणि तिच्यातली नावं सगळ्या नेटवर्कला सांगायला लागतं. यादी एकाची, उत्तर साऱ्या पेढीला. यावर उपाय सोपा निघाला. डीएनएसमास्कच्या फाइलमध्ये 'नो-होस्ट्स' अशी एक ओळ लिहायची, म्हणजे ते मशीनची स्वतःची यादी वाचत नाही. आणि 'ॲडएन-होस्ट्स' अशी दुसरी ओळ लिहून आपली वेगळी यादी त्याच्या हाती द्यायची. ही वेगळी यादी म्हणजे साधी फाइल, आधी पत्ता, पुढं नाव, एका ओळीत एक मशीन. आमच्या यादीत पाचच ओळी आहेत. त्या रात्री सगळे बॅकअप झाले. काटा आधीपासून कसा चालू होता, हे मात्र तेव्हा माझ्या मनात आलं आणि कामाच्या गर्दीत निसटलं. तो विचारायला हवा होता.

त्याच आठवड्यात भाच्याच्या सांगण्यावरून डीएनएसमास्क वखारीवरून काढून रास्पबेरी पाय नावाच्या एका चिमुकल्या संगणकावर नेलं. डबा, अडॉप्टर, कार्ड धरून मला साडेसहा हजार पडले. नेण्याचं कारण बॅकअपचं नव्हतं. नावं सांगणारं मशीन बंद पडलं की पेढीतलं सगळं इंटरनेट बंद पडल्यासारखं होतं, कारण बाहेरच्या संकेतस्थळांचे पत्तेही त्याच्याच मार्फत विचारले जातात. ई-वे बिल निघत नाही, गाडी दारात उभी राहते, ड्रायव्हर ओरडायला लागतो. वखारीत डिस्क बदलायची म्हटलं की हे व्हायचं. पाय लहानसा, इन्व्हर्टरवर तासन्‌तास चालतो, त्याला दुसरं काही कामच नाही. ज्यांच्याकडे ओपनडब्ल्यूआरटी हे राउटरसाठीचं मुक्त सॉफ्टवेअर चालणारा राउटर आहे त्यांनी पायचाही खर्च करू नये. त्या राउटरमध्ये डीएनएसमास्क आतच असतं.

हा प्रोग्राम सायमन केली या ब्रिटिश माणसाने २००० च्या सुमारास लिहायला घेतला आणि तो आजही त्याची देखभाल करतो. पाय-होल नावाचा जाहिराती रोखणारा प्रकार पुष्कळांनी ऐकला असेल, त्याच्या पोटातलं इंजिनही याच डीएनएसमास्कपासून बनवलेलं आहे. ज्यांना काळ्या खिडकीची भीती वाटते त्यांना मी पाय-होलच सुचवीन. त्यात स्थानिक नावं भरायला रीतसर पान आहे, खाली बटण आहे. मी साधं डीएनएसमास्क ठेवलं, कारण माझी सगळी मांडणी दोन फाइलींत मावते आणि त्या दोन्ही छापून मी तिजोरीत ठेवल्या आहेत. एकूण दीड पान. कार्ड खराब झालं, मी रजेवर असले, तरी कुणीही ते दीड पान टाइप करू शकतं.

पत्ते वाटण्याचं काम, म्हणजे डीएचसीपी, तेही याच्याकडेच दिलं. हे करणार असाल तर राउटरमधलं डीएचसीपी आधी बंद करा. दोघं एकाच वेळी पत्ते वाटायला लागले तर कुठला संगणक कुणाचं ऐकेल याचा नेम नाही. एकदा हे काम डीएनएसमास्ककडे गेलं की त्याची खरी गोडी कळते. प्रत्येक संगणकाच्या नेटवर्क कार्डाचा क्रमांक आणि पत्ता एका ओळीत बांधून ठेवला की तो संगणक कायम त्याच पत्त्यावर येतो. नवा संगणक आला तर त्याने सांगितलेलं नाव यादीत नसलं तरी आपोआप नोंदलं जातं. फक्त वखार आणि पाय या दोघांचे पत्ते मी त्यांच्यात हाताने कायमचे लिहिले आहेत. बाकीच्यांनी विचारावं, या दोघांनी विचारू नये.

नावापुढचं आडनाव काय लावावं, यात माझी पहिली निवड चुकली. सगळीकडे दिसतं म्हणून मी 'डॉट लोकल' लावलं. विंडोजवर चालत होतं. वखारीवरून मात्र गल्ला सापडेना. 'लोकल' हे आडनाव दुसऱ्याच पद्धतीसाठी राखलेलं आहे, ज्यात यादी ठेवणारा कुणी नसतो आणि मशीनं एकमेकांना जाहीर हाक मारून पत्ता विचारतात. २०१३ पासून तसा नियमच आहे. माझ्या डेबियनने तो पाळला, यादीवाल्याला न विचारता नुसती हाक मारली, उत्तर आलं नाही, आणि शोध तिथंच थांबवला. घरगुती नेटवर्कसाठी २०१८ मध्ये 'होम डॉट अर्पा' राखून दिलं आहे, ते मी लावलं आणि प्रश्न मिटला. २०२४ मध्ये खाजगी नेटवर्कसाठी 'डॉट इंटर्नल' हेही राखलं गेलं. आज नव्याने करणाऱ्याने यांपैकी काहीही घ्यावं, पण उगाच 'डॉट कॉम'सारखं बनावट आडनाव लावू नये. ते बाहेर कुणाचं तरी खरं असू शकतं.

आणि ज्याने माझा सगळ्यात जास्त वेळ खाल्ला, ते दुसऱ्या डीएनएसचं प्रकरण. राउटरमध्ये डीएनएसच्या दोन जागा असतात. पहिल्या जागी मी आपला पत्ता लिहिला, दुसऱ्या जागी 'असू दे, अडीअडचणीला' म्हणून बाहेरचा सार्वजनिक पत्ता लिहिला. सगळेच तसं करतात. वखार चार दिवस सापडायची, पाचव्या दिवशी नाही. संगणक दुसऱ्याला विचारतो ते पहिला गप्प बसला किंवा उशीर लावला की. एकदा दुसऱ्याकडे गेला की त्याच्याकडून उत्तर मिळतं, "वखार? अशी कुणी नाही." आणि 'नाही' हेही उत्तरच असतं. ते मिळाल्यावर संगणक पुन्हा पहिल्याला विचारत नाही. त्याच्या दृष्टीनं शोध संपला. म्हणून दुसरी जागा एक तर रिकामी ठेवा, नाहीतर तिथंही तुमचीच यादी असलेलं दुसरं मशीन द्या. बाहेरचं काही नको. बाहेर कुणाला विचारायचं ते डीएनएसमास्कला 'सर्व्हर' या ओळीत सांगा, ते स्वतः विचारून आणतं.

हे नीट केलं तरी आमच्या फायबरच्या डब्याने मागच्या दारानं तेच केलं. तो डबा आयपीव्ही६ च्या, म्हणजे पत्त्यांच्या नव्या पद्धतीच्या, वाटेनं स्वतःलाच डीएनएस म्हणून जाहीर करत होता. विंडोज त्याच्याकडे जायचं, आणि आमची यादी तशीच पडून राहायची. संगणकावर आयपीकॉन्फिग पुढं ऑल असं टाइप करून डीएनएसच्या सगळ्या ओळी वाचल्या तेव्हा हे दिसलं. डब्याच्या सेटिंगमध्ये तेवढी जाहिरात बंद करता आली. ज्यांच्या डब्यात ती सोय नसेल, त्यांनी सेवा देणाऱ्याकडे आग्रह धरावा. ब्राउझरचंही असंच. कुणी त्यात सुरक्षित डीएनएस चालू करून बाहेरची सेवा निवडली असेल, तर पिंग केलं, म्हणजे काळ्या खिडकीतून नाव घेऊन मशीनला हाक मारली, की वखार सापडते आणि ब्राउझरमध्ये तिचं पान उघडत नाही.

फाइलमध्ये अजून तीन ओळी मी न विसरता लिहायला सांगते. 'डोमेन-नीडेड' आणि 'बोगस-प्रिव्ह' या दोन ओळींमुळे आपली आखूड नावं आणि आतले पत्ते यांची चौकशी बाहेर जात नाही. पेढीत कोणकोणती मशीनं आहेत हे बाहेर कुणाला कळण्याचं कारण नाही. तिसरी 'एक्स्पांड-होस्ट्स', तिच्यामुळे यादीत नुसतं वखार लिहिलं तरी आडनावासकटही ती सापडते.

आता जुलै २०२१. २२ तारखेपासून पाऊस थांबेना, आणि कोयनेच्या विसर्गाचे आकडे दर तासाला मोबाइलवर येत होते. अण्णा दुपारी म्हणाले, "ताई, आता काय बघत बसू नका. मशीन उचला." आम्ही वखार, रोजमेळ, काटा आणि तो छोटा पाय टेम्पोत घातले आणि विश्रामबागला अण्णांच्या घरी नेले. गल्ला आधीच वरच्या मजल्यावरच्या शेजाऱ्यांकडे ठेवला होता. घरातल्या हॉलमध्ये वहिनींनी जेवणाचं टेबल रिकामं करून दिलं. तिथल्या राउटरचे आकडे वेगळे, आमचे १९२.१६८.१ ने सुरू होणारे, तिथले १९२.१६८.० ने. मी पायचा आणि वखारीचा स्वतःचा पत्ता बदलला, पत्ते वाटण्याच्या ओळी बदलल्या, यादीतले आकडे बदलले, घरच्या राउटरचं डीएचसीपी त्या दिवसांपुरतं बंद केलं. बॅरिऑसला हातही लावला नाही. त्याच्या एकाही फाइलमध्ये एकही आकडा नव्हता, नावंच होती.

त्या रात्री साडेनऊला रोजमेळचा बॅकअप त्याच्या वेळेला सुरू झाला. मी त्या टेबलाशी बसून हिरवी ओळ पुढं सरकताना पाहत होते. बाहेर पेठेत पाणी शिरल्याचे फोन येत होते. आयर्विनला पाणी ५० फुटांच्या वर गेलं होतं. वहिनींनी चहा आणून ठेवला तो तसाच गार झाला.

काट्याचा बॅकअप मात्र झाला नाही.

पुन्हा तीच वाट पाहण्याची ओळ, पुन्हा अर्धा तास. काट्यावर एनएसलुकअप केलं तर वखारीचा नवा पत्ता अगदी बरोबर. पिंग केलं तर जुना. एकाच संगणकावर दोन उत्तरं. तेव्हा फेब्रुवारीतला तो निसटलेला प्रश्न परत आला. तेव्हा बाकीच्या सगळ्यांचे बॅकअप बंद असताना एकटा काटा का चालू होता? कारण त्याच्या होस्ट्स फाइलमधली ओळ मी पुसलीच नव्हती. गोदामाच्या त्या टोकाला जायचं राहून गेलं होतं. विंडोज आधी स्वतःची होस्ट्स फाइल बघतं, तिथं नाव मिळालं की कुणाला विचारत नाही. एनएसलुकअप मात्र ती फाइल बघतच नाही, थेट यादीवाल्याला विचारतं. फेब्रुवारीत त्या ओळीनं काट्याला वाचवलं होतं, जुलैत तिनंच त्याला पेठेतल्या पत्त्यावर पाठवलं, जिथं आता कमरेएवढं पाणी होतं. ओळ पुसली, फ्लशडीएनएस करून संगणकाने लक्षात ठेवलेले जुने पत्ते पुसले, आणि पावणेबाराला काट्याचाही माल वखारीवर पोचला. त्या पुरात आमची पोती भिजली, फर्निचर गेलं. हिशेबाचा एकही दिवस गेला नाही.

त्यानंतर मी एक शिस्त लावून घेतली. नाव सापडत नसेल तर आधी पिंग आणि एनएसलुकअप दोन्ही करायचे. दोघांची उत्तरं वेगळी आली तर दोष त्या संगणकात, सारखी पण चुकीची आली तर दोष यादीत, नाहीतर संगणक भलत्याच डीएनएसला विचारतोय.

आता उण्या बाजू. डीएनएसमास्कला स्वतःचं पान नाही, रंगीत खिडकी नाही. मुख्य फाइलमध्ये एक अक्षर चुकलं तर ते सुरूच होत नाही, आणि मग पेढीचं इंटरनेट बंद. म्हणून पुन्हा सुरू करण्याआधी 'टेस्ट' हा पर्याय देऊन फाइल तपासून घ्यायची सवय हवी, त्याला दोन सेकंद लागतात. नावांची यादी बदलली तर त्याला फक्त इशारा दिला की ते ती पुन्हा वाचतं, पण मुख्य फाइल बदलली तर पूर्ण बंद करून सुरू करावं लागतं. हा फरक कागदपत्रांत आहे, पण शोधावा लागतो. आणि ती कागदपत्रं सविस्तर असली तरी जाणत्यासाठी लिहिलेली आहेत. माझ्यासारखीला एकेक ओळ तीनदा वाचावी लागली. मराठीत यावर सलग कुणी लिहिलेलं मला सापडलं नाही, हेही आज लिहायला बसण्याचं एक कारण.

अद्ययावत ठेवणं हे मात्र टाळू नका. जानेवारी २०२१ मध्ये, म्हणजे मी बसवण्याच्या महिनाभर आधी, यात सात सुरक्षा-त्रुटी असल्याचं जाहीर झालं होतं, डीएनएसपूक या नावाने. २.८३ या आवृत्तीत त्या दुरुस्त झाल्या. भाच्याने मला दुरुस्ती आलेलंच घ्यायला लावलं आणि पायचं डीएनएस पेढीबाहेरून कुणालाही विचारता येणार नाही अशी तजवीज करायला लावली. आमच्याच गल्लीत एकाने ते बाहेर उघडं ठेवलेलं मी पाहिलं आहे आणि त्याच्या घरी जाऊन बंद करून आले आहे.

पायच्या कार्डाचा भरवसा धरू नये. लाइट वारंवार जाते तिथं ती कार्डं खराब होतात. मी दुसरं कार्ड तयार करून, वर तारीख लिहून, पायच्याच डब्यात चिकटपट्टीने लावून ठेवलं आहे. बदलायला दोन मिनिटं.

ज्यांच्याकडे दोनच संगणक आहेत आणि जागा कधी बदलायची नाही, त्यांनी होस्ट्स फाइलमध्ये ओळ लिहावी आणि निवांत राहावं. ज्यांच्याकडे शेकडो मशीनं आणि दोन-तीन शाखा आहेत, त्यांना बाइंडसारखा मोठा डीएनएस प्रोग्राम लागेल, तिथं जाणकार माणूसही असतो. आमच्यासारख्या मधल्यांना, जिथं हिशेब बघणारीलाच नेटवर्कही बघावं लागतं, डीएनएसमास्क पुरतं.

दरवर्षी १ जूनला पेढी उघडायच्या आधी मी एक काम करते. वखार आणि पाय खाली काढून मागच्या खोलीत वेगळ्या राउटरला जोडते, आकडे बदलते, आणि काट्यावर मागच्या वर्षीची कुठलीही एक फाइल परत मागवते. काट्यावरच, कारण तो एकदा राहिला होता. यंदा मागवली ती १९ सप्टेंबरची तोलाईची पावती होती. मशीनं हलवण्यापासून ती पावती पडद्यावर येईपर्यंत अकरा मिनिटं लागली. अण्णा मागं उभे होते. "आली का?" त्यांनी विचारलं. मी पावती छापून त्यांच्या हातात दिली आणि आकडे पुन्हा पहिल्यासारखे करायला बसले.